साकू

दुपारचे तीन वाजले की माझा हात आपोआप थर्मामीटरकडं जातो. आमच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून चार फुटी लाकडी घर आहे, त्याच्या आत तो टांगलेला असतो. पारा कुठं आहे ते बघायचं, सव्वीसच्या वर गेला असेल तर पोत्यावर पाणी मारायचं आणि जर्नलमध्ये आकडा लिहायचा. घरातले हसतात. लेक म्हणते, "आई, आमचा ताप कधी एवढ्या वेळा मोजला नाहीस." हसू देत. हे लाकडी घर माझं नाही, ही सवय माझी नाही, थर्मामीटरसुद्धा माझा नाही. सगळं आप्पांचं आहे. माझ्या वाट्याला त्यातली फक्त चूक आली, आणि ती मी नऊ वर्षं पदराखाली झाकून ठेवली.

आप्पा आमच्या कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. मी तिथं जीवशास्त्र शिकवते. लातूरहून नवीन नोकरीवर आले, त्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मला सगळ्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, नवरा काय करतो ते विचारलं. आप्पांनी एकच विचारलं, "मॅडम, तुम्ही डावखुऱ्या का उजव्या?"

"उजवी. का हो?"

आप्पा पुढं झाले. माझ्या टेबलावरचा मायक्रोस्कोप, स्पिरिटचा दिवा, ड्रॉपरचं भांडं, सगळं उचललं आणि जागा बदलून मांडलं. आधीचे सर डावखुरे होते म्हणे. "आता बराबर," म्हणाले आणि गेले.

ठेंगणा बांधा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. मूळ गाव उमरग्याकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. घरात कानडी, बाहेर मराठी. रागावले की दोन्ही. त्यांच्या हिशेबानं जगातल्या प्रत्येक वस्तूला तोंड होतं आणि ते बरोबर दिशेला असायला हवं होतं. बाटलीचं लेबल माणसाकडं. परीक्षानळ्या उपड्या. वापरलेला चिमटा डावीकडं, धुतलेला उजवीकडं. किल्ली खिळ्याला टांगायची तर तिचे दात भिंतीकडं. एकदा मी म्हटलं, "आप्पा, किल्लीला काय फरक पडतो?" तर म्हणाले, "दात दाखवत टांगू न्हाय. किल्लीनं आपल्याला हसायचं काय कारण?"

आणि सारखा एक शब्द तोंडात, साकू. ॲसिड ओतताना साकू, चहा ओतताना साकू. पोरांनी गलका केला की टेबलावर डस्टर आपटून "साकू, साकू!" पोरांनी त्यांचं नावच साकू सर पाडलं होतं. त्यांना त्यातलं 'सर' लई आवडायचं.

मी अर्थ विचारला होता. म्हणाले, "आमच्या कानडीत साकू म्हंजे पुरे, बास. आन् साकू म्हंजे पाळणं, सांभाळणंबी. घरात पाळलेल्या जनावराला साकू प्राणी म्हणत्यात."

"मग कोणतं साकू ते कळायचं कसं?"

"बोलणाऱ्याचं तोंड बघायचं, मॅडम."

ज्या माणसाच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्याला नोकरीनं वीस वर्षं मांजरा नदीच्या काठावरून बेडूक धरून आणायला लावलं होतं. मी आले तेव्हा बेडूक कापणं बंद झालं होतं, मेणाचे ट्रे नुसते फळीवर पडून होते. पण जुने शिपाई सांगायचे की प्रॅक्टिकलच्या दिवशी आप्पा जेवत नसत. संध्याकाळी आंघोळ करून मगच पाणी प्यायचे. मी त्यांना विचारलं तर खांदे उडवून म्हणाले, "बेडकाला इचारून थोडंच आणायचो? नोकरी व्हती." आणि कपाट पुसायला लागले. पुसलेलंच कपाट होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी प्राचार्यांनी कुणा ओळखीच्याकडून एक गिनीपिग आणला. पांढरा-तांबूस, बिनशेपटीचा, मूठभर जीव. प्रदर्शनात दोन दिवस पोरांनी त्याला बोटं टोचली, "मोठा उंदीर, मोठा उंदीर" करून फोटो काढले. प्रदर्शन संपलं आणि सगळे त्याला विसरले. उंदराच्या तारेच्या पिंजऱ्यात तो लॅबच्या खिडकीपाशी राहिला. मादी आहे हे आप्पांनीच ओळखलं. 'पिग' म्हणायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "नावातलं डुक्कर काढून टाका. म्या न्हाय म्हणणार." गिनी राहिलं, त्याचं त्यांनी गिन्नी केलं. सोन्याच्या नाण्यासारखं.

सकाळी आप्पांनी कुलपात किल्ली फिरवली की आतून शिट्टी यायची. बारीक, लांबलचक, आनंदाची. पाव्हणा दारात आल्यासारखं ते जनावर उभं राहायचं. आप्पांच्या पिशवीत कोथिंबीर असायची, पेरूची फोड असायची, ढोबळी मिरचीचा तुकडा असायचा. तारेवर तिचे पाय दुखतात म्हणून त्यांनी खाली पोतं अंथरलं. आणि ज्याला त्याला सांगायचे, "हिला जोडीदार आणा. एकटं जनावर आतल्या आत वाळतं." प्राचार्यांना सांगितलं, क्लार्कला सांगितलं, मला चारदा सांगितलं. आम्ही सगळे हो हो म्हणालो.

आता ते सांगते, जे मला सांगायचं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी मार्कांचे कागद न्यायला लॅबमध्ये आले होते. आप्पा गिन्नीसाठी पाला आणायला बाजारात गेलेले. मला लातूरची एसटी गाठायची होती, मावसबहिणीचं लग्न होतं. मी लॅबला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पळाले. ऑफिसातल्या फळीवर टांगायची राहिली. दुसरी किल्ली प्राचार्यांच्या कपाटात, कपाट बंद, प्राचार्य गावाला.

तिसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीत रुमाल काढताना ती किल्ली हाताला लागली. खोटं कशाला बोलू, मला गिन्नी आठवली. चांगली आठवली. पण मनात म्हटलं, आप्पा आहेत, करतील काहीतरी. आणि पर्सची चेन लावून टाकली. एक फोन करायला काय धाड भरली होती मला? पण नाही केला.

इकडं काय चाललं होतं ते मला नंतर वॉचमननं सांगितलं. किल्ली कुठंच सापडेना म्हणून आप्पा खिडकीबाहेर स्टूल टाकून बसले होते. जाळीतून सलाईनची नळी आत सरकवून पिंजऱ्याच्या दिशेनं पाणी सोडत होते. जाळीच्या भोकांतून मेथीच्या काड्या एकेक करून ढकलत होते, त्यातली एखादीच पिंजऱ्यापर्यंत पोचायची. वर पत्रे, मे महिना. सरकारी कुलूप परवानगीशिवाय तोडायचं नसतं, म्हणून ते परवानगीसाठी ऑफिसच्या फोनवरून प्राचार्यांना फोनावर फोन करत होते, तो लागत नव्हता. आतून शिट्टी येत होती तोवर ते तिच्याशी कानडीत बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी थांबली. मग त्यांनी परवानगी-बिरवानगी सोडली आणि दगडानं कुलूप तोडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी पाचव्या दिवशी परतले. लॅबला नवं कुलूप होतं. ऑफिसच्या टेबलावर आप्पांच्या वळणदार अक्षरातला अर्ज पडला होता: किल्ली माझ्या हातून गहाळ झाली, जिम्मेदारी माझी. खोलीत कुणी नव्हतं. मी पर्समधून जुनी किल्ली काढली आणि गुपचूप फळीवरच्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोरच आप्पांचं लक्ष तिकडं गेलं. "सापडली की. हितंच व्हती," म्हणाले. किल्ली खिळ्यावरनं काढली, फिरवली, परत टांगली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चहा घेता का, मॅडम?"

मी चहा घेतला. सुटले, असं वाटलं मला. काय लाज म्हणायची ही.

चार वर्षांनी आप्पा रिटायर झाले. निरोप समारंभाला शाल द्यायचं ठरत होतं तर यांनीच अडवलं. "शाल पांघरून बसायला कळंब काय थंड हवेची जागा हाय? द्यायचंच आसल तर लॅबमधला एक थर्मामीटर द्या." सगळे हसले. दिला.

आठवड्यानं माझ्या घरी आले, हात जोडले. "शरणार्थ, मॅडम. एक काम व्हतं. तुमची बहीण पुण्याला आसती. येताना मला गिन्नीची जोडी आणून द्या."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "जोडी म्हणजे नर-मादी ना?"

"बैलाची जोडी काय नर-मादी आसती का? जोडी म्हंजे एका दावणीची दोघं. दोघी बहिणी आणा. पर लगीच नगं. आधी घर करतो. ह्या बारीला पिंजरा न्हाय."

आणि मग ते घर सुरू झालं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक महानंदा येरमाळ्याला दिलेली. आप्पांना दिवस मोकळाच होता. जुन्या दाराच्या फळ्या आणल्या. खाली तार नाही, सपाट फळी, त्यावर सावलीत वाळवलेल्या गवताचा जाड थर. भिंती दुहेरी, मधे भुसा ठासलेला. फुटक्या माठाचे दोन अर्धे आत पालथे घातले, लपायला. "दोनच का?" मी विचारलं. "एकीचं एकीला. भांडण झालं तर रुसून बसायला जागा नगं का?" मांजर येऊ नये म्हणून समोर बारीक जाळी, उन्हाच्या बाजूला वाळ्याचा पडदा. आमच्या घरात माणसांसाठी एवढा विचार कधी झाला नव्हता.

एके दिवशी सायकलच्या कॅरिअरला गवताची ठोंबं बांधून दारात हजर. एकदम खुशीत. "मॅडम, यांचं गवत सापडलं! येगळंच मिळतं. दुकानदारानं सोताहून सांगितलं, गिनी गवत."

मी पोट धरून हसले. "अहो आप्पा, गिनी गवत म्हणजे म्हशींचा चारा! त्या नावाचा देश आहे, त्यावरून ते नाव." ते शांतपणे म्हणाले, "एका गावची हायती मग. खातीलच की." मी पुस्तकात बघितलं. खातात. आवडीनं खातात. आप्पांनी अंगणात वाफा केला आणि दोन महिन्यांत ते गवत गुडघ्याला लागलं.

सगळ्यात कठीण होता उन्हाळा. गिनीपिगला ऊन सोसत नाही, सव्वीस-सत्तावीसच्या वर गेलं की जीव धोक्यात, हे त्यांना मीच सांगितलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात रिकाम्या घरात थर्मामीटर टांगून ते रोज तीन वाजता वाचायचे आणि जुन्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये तारखेनं लिहायचे. निरीक्षण, निष्कर्ष, सगळे रकाने भरलेले. मग सायकलवर कॉलेजच्या फाटकापाशी येऊन मला ओरडून सांगायचे, "मॅडम, एकतीस!" पोरांना वाटायचं, मॅचचा स्कोअर चाललाय. कुणीतरी विचारायचं, "किती विकेट, साकू सर?"

एकतीसचे एकोणतीस झाले. ओलं पोतं आलं. छताला मातीचा गिलावा आला. दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, सुट्टीतल्या कामाला मी कॉलेजात असताना फाटकातून हाक आली, "मॅडम, सव्वीस! आता आणा."

मी "आणते" म्हटलं.

त्यांनी विचारलं, "किती वर्सं जगत्यात हो?"

"पाच. फार तर सात."

बोटांवर मोजलं. "म्या आता साठ. सदुसष्ट. जमतंय. पर लौकर आणा."

दिवाळीत पुण्याहून आले आणि सांगितलं, दुकान बंद होतं. खोटं. मी त्या दुकानाच्या रस्त्यालाही गेले नव्हते. पुढच्या खेपेला म्हटलं, दोघी बहिणी नव्हत्या. त्याच्या पुढच्या खेपेला गाडीत जागा नव्हती. मला ते जनावर परत बघायचंच नव्हतं. त्याची शिट्टी ऐकायची नव्हती. आप्पा दर वेळी म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, घर आजून सुधरतो." आणि खरंच काहीतरी सुधारायचे. दाराला नवी बिजागरी, पाण्याच्या बाटलीला लाकडी पट्टी. रिकाम्या घरातलं वाळकं गवत दर पंधरा दिवसांनी बदलायचे. राहणारं कुणी नसताना. यात दोन वर्षं गेली.

मग एक दिवस फाटकाशी सायकल आली नाही. आप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, हात राहिला. महानंदा आली, वडलांना कायमचं येरमाळ्याला घेऊन जाते म्हणाली.

त्या शनिवारी मी पुण्याला गेले. बहिणीला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता चल." दुकान उघडं होतं. दोघी बहिणीही होत्या, एक काळी-पांढरी, एक तांबडी. गाडीत जागाही होती. दुपारी परत निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोका घेऊन आप्पांच्या दारात उभी राहिले.

महानंदा भांडी पोत्यात भरत होती. आप्पा बाजेवर बसले होते. त्यांनी उजवा हात खोक्यात घातला आणि दोघींच्या पाठीवरून एकेकदा फिरवला. इतका सावकाश की मला बघवेना.

"बहिणी हायत्या?"

"हो आप्पा. एका वेताच्या."

"आणल्या तुम्ही." मग लेकीकडं बघत म्हणाले, "हिच्याकडं वर पत्रा हाय. दारात दोन कुत्री. चाळिशीच्या खाली न्हाय यायचं तिथं. म्या न्हाय नेणार ह्यांना."

महानंदा म्हणाली, "आप्पा, न्या की. करू कायतरी."

"कायतरी करून एकदा बघितलंय," आप्पा म्हणाले. "मॅडमकडं जाऊ द्या. घरबी घिऊन जावा."

घर हातगाड्यावर घालून आमच्या पडवीत आणलं. पाय ओढत आप्पा मागोमाग आले. कुठल्या भिंतीला लावायचं, तोंड कुणीकडं, सगळं त्यांनीच ठरवलं. थर्मामीटर टांगून अर्धा तास बसून राहिले. तेवीस. मग दोघींना आत सोडलं. त्या माठाखाली पळाल्या, एकीचं एकीला.

"दाराला कुलूप घालते मी," मी म्हटलं. "मांजरं फार आहेत इथं."

"कुलूप नगं, मॅडम. आडणा हाय, तेवढा बास."

त्यांनी ते साध्या आवाजात म्हटलं. मी तिथंच फरशीवर बसले. म्हटलं, "आप्पा, ती किल्ली..."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवाच. दात बाहीर करून टांगली व्हती तुम्ही."

नऊ वर्षं. नऊ वर्षं या माणसानं मला चहा दिला होता, सणाला शेंगापोळी दिली होती, फाटकातून आकडे सांगितले होते.

"मग बोलला का नाहीत?"

"पैलं साल वाट बघितली, तुम्ही बोलताल म्हणून." ते दाराचा अडणा सरकवून बघत होते, उघड-बंद, उघड-बंद. "मग सोडून दिलं. कुलूप तर म्याबी येळंवर न्हाय तोडलं."

मला रडू आवरेना. मी म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं हो. लई चुकलं."

"साकू, मॅडम," आप्पा म्हणाले.

बोलणाऱ्याचं तोंड बघायचं, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. पण ते घराकडं तोंड करून वाकले होते, मला त्यांची पाठच दिसत होती. बास करा म्हणाले की सांभाळा म्हणाले, मला आजही कळलेलं नाही.

आप्पा त्याच पावसाळ्यात गेले. कळंबहून येरमाळा काय लांब आहे? मी मध्ये चार महिन्यांत एकदाही गेले नाही. जाईन म्हणत राहिले, ही माझी जुनीच खोड.

म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते घर पडवीत आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, कळंबच्या बसस्टँडवर. महानंदानं त्यांना खिडकीशी बसवलं. मी खाली उभी होते. कंडक्टरनं पुढच्या काचेतली पाटी उलटी ठेवली होती, येरमाळा–कळंब. आप्पांनी चढतानाच ते पाहिलं असणार. सीटवरून उठायला बघू लागले, लेक धरतीय, यांचं चालूच, "आवं कंडक्टर, पाटी! पाटी फिरवा!" कंडक्टर वैतागून पुढं गेला आणि पाटी फिरवली. आप्पा खाली बसले.

मला विचारायचं होतं, कोणतं साकू? गाडी सुरू झाली, आवाजात काही ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी चांगला हात खिडकीबाहेर काढला. आधी दोन बोटं दाखवली. सहा दाखवायला दुसरा हात उचलेना, म्हणून मग पंजा उघडला आणि त्याच्या मागून एक बोट.

मी खालून मोठ्यानं ओरडले, "हो, सव्वीस!"